पायरीच्या दगडाबाबत

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आज सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी ग्रामपंचायतीने आणलेल्या जेसीबीने माझ्या फाटकापुढची पायरी माझ्या डोळ्यांदेखत उखडली. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ मी हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिली. छत्तीस वर्षे सरकारी दवाखान्यात मृत्यूच्या वेळा लिहिल्या आहेत, त्यामुळे पायरीची वेळ चुकायची नाही.

तक्रार माझीच होती. ती पायरीबद्दल नव्हती, माझ्या घरासमोरच्या ओट्याबद्दल होती.

जुनी मोहबोडी कोळशाच्या खाणीत गेली तेव्हा लोकांनी घरे सोडताना आपापल्या दाराच्या पायरीचा दगड काढून सोबत आणला. भांडीकुंडी मागे राहिली तरी चालतील, दगड पाहिजे. नवी नवरी त्याच दगडावरून घरात येते, मयत त्याच दगडावरून बाहेर जाते, अशी गावाची समजूत. पंचशील घेतलेली आमची माणसेही यात मागे नव्हती. इथे नव्या मोहबोडीत मात्र सगळी घरे सरकारी नकाशाची, पायऱ्या सिमेंटच्या. सगळ्या घरांची तोंडे पूर्वेला, म्हणजे प्रत्येकाच्या दारासमोर पुढच्याच्या संडासाची भिंत. दगड लावायला जागा नाही. मग बायकांनी चार गल्ल्या मिळतात तिथे, नेमके माझ्या फाटकासमोर, एकेकीचा दगड रचून ओटा केला.

त्या ओट्यावर ताराबाई ढिवरीण मासळी साफ करायची. खर्रा थुंकला जायचा, तो माझ्या भिंतीवर. चार ते सात हसणे. कशाला हसतात ते कळायचे नाही, म्हणजे कशाला हसत असतील ते कळायचे. मी तीन पानी अर्ज केला.

ग्रामसेवकाने आज टेप लावली. ओटा गेला. मग टेप माझ्या फाटकाकडे वळली. पायरी रस्त्यात चाळीस सेंटीमीटर.

"अहो, ती पायरी आहे," मी म्हटले.

"अतिक्रमण मंजे अतिक्रमण, मॅडम. तुमच्याच अर्जात लिवलं हाय." आणि सगळ्यांसमोर कागद काढून वाचला: "'कोणाचीही गय करू नये. आपली नम्र, सत्यशीला उंदिरवाडे, सेवानिवृत्त अधिपरिचारिका.'"

वाक्य माझे आहे. वाक्य चांगले आहे. नाव मोठ्याने वाचायचे काय कारण होते?

बायका उभ्या होत्या. एकीनेही शिवी दिली नाही. ताराबाईने विळा उचलला, पदराला पुसला आणि गेली. अंजनाबाईला तिच्या सुनेने, सरिताने, खुर्चीसकट उचलून आत नेले. दगड ट्रॉलीत भरून नाल्यावरच्या कुठल्याशा रपट्याच्या भरावात टाकायला नेले.

ग्रामपंचायतीला पायरीबाबत आजच पत्र दिले. पोच घेतली.


शुक्रवार, १० जानेवारी

बीपी १२८/८०. रात्री सलग सात तास झोप. शांतता. शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायची की ज्या खोलीत टाचणी पडलेली ऐकू येते तिथे सभ्य माणसे बसलेली असतात. आज मला माझ्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.


सोमवार, १३ जानेवारी

गुडघ्यांमुळे पायरीशिवाय उतरता येत नाही. मागचे दार संडासाकडे उघडते, तिथून मी ये-जा करीत नाही. चार दिवस घरात. मनसाराम गवंड्याला बोलावले. ट्रॉलीतून घरंगळलेला एक दगड माझ्या भिंतीशी पडून होता. काळा, रुंद, एका कोपऱ्याला टवका, मधोमध वाटीएवढा गुळगुळीत खळगा. पायरीला उत्तम. मी म्हटले, हाच लाव.

मनसाराम दगडाकडे बघत राहिला. "बाई, हा नका लावू. मी तुमाले फरशी आनून देतो."

"का? याला काय झाले?"

"याले काई नाई झालं जी." खर्रा गालात सरकवून म्हणाला, "हा कोनाचा हाय, मालूम हाय का तुमाले?"

"ग्रामपंचायतीने जप्त केला आणि टाकून दिला. आता कोणाचाही नाही."

"असं मनता."

"तू लावणार आहेस की दुसरा गवंडी बघू?"

लावला. या वेळी रेषेच्या चार इंच आत, टेपने मोजून. खळग्यात पाणी साचेल म्हणून तो सिमेंटने बुजवून घेतला. मनसारामने मजुरी घेतली, पण चहा घेतला नाही. म्हणाला, पोटात बरे नाही. पोटाचे औषध दिले तर तेही फाटकावर ठेवून गेला.


गुरुवार, १६ जानेवारी

रोज दुपारी तीनला खाणीत ब्लास्टिंग होते. भांडी वाजतात, भिंतीची पापुद्री पडते. पूर्वी स्फोट झाला की बायका घराबाहेर येऊन ओट्यावर जमायच्या. "पडलं का वो तुमचं काई?" "माहा नवरा पडला खाटेवरून!" आणि हसणे. आज तीनचा स्फोट झाला. मी फाटकात आले, अर्थात भेगा तपासायला. चारही गल्ल्यांत कोणी नाही. सगळी दारे बंद. एका घरातून कोणी तरी दुसऱ्या घराला काही विचारील असे वाटले. दहा मिनिटे उभी राहिले. मग आत आले.

बीपी १३८/८६. लोणचे बंद करते.


रविवार, १९ जानेवारी

पायरी बसवल्यापासून सहा दिवसांत कोणी अर्ज लिहून घ्यायला आले नाही. या गावात रेशनकार्डापासून खाणीच्या नोकरीपर्यंत प्रत्येक अर्ज माझ्या हातचा आहे. लोकांची कामे संपली असतील तर आनंदच आहे.

बायका आता गावाच्या त्या टोकाला, ताराबाईच्या परसात बसतात म्हणे. तिथून खाणीच्या मातीचा ढिगारा दोनशे पावलांवर. ढिगाऱ्यावर वाघीण दिसली होती. दिवेलागणीच्या आत उठावे लागते त्यांना. बसा.


सोमवार, २० जानेवारी

सरिता आली. फाटकाबाहेरूनच हाक. "सिस्टरबाई, सासूले पाहाले येता का जी? जेवून नाई राह्यली."

अंजनाबाई शहात्तर वर्षांची. अर्धे अंग गेलेले, उजवा डोळा कामातून गेलेला. जुन्या गावात आमच्या दोन घरांची भिंत एकच होती. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले तेव्हा ती दोन गल्ल्या पलीकडे गेली. सरिता सकाळी नऊला तिला ओट्यावर आणून बसवायची, ऊन खायला, ती पार संध्याकाळपर्यंत. आता खाटेवर. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर भिंत. भिंतीवर पाइप.

नाडी ठीक. ताप नाही. फुप्फुसे स्वच्छ. मी म्हटले, "काही झालेले नाही. हट्ट आहे. पातळ पेज द्या, साखर-मिठाचे पाणी द्या."

"सतू आली का?" अंजनाबाईने विचारले. मला या नावाने हाक मारणारी आता ती एकच.

"आले. जेवत का नाहीस?"

"माहा दगड कुठी नेला वो?"

"गेला तो. ट्रॉलीत गेला."

"तो कसा जाईल?" ती हसली. तोंडाची एकच बाजू हसते. "तो ओळखू येते. कोपरा टुटला हाय. मधात खळगा हाय, चारोळ्या फोडू फोडू पडला. माह्या सासूनं फोडल्या, मी फोडल्या. तुले देत होती ना मी, शाळेत जाताना? चड्डीच्या खिशात."

"फ्रॉकच्या," मी म्हटले.

घरी येताना फाटकाशी थांबले. मग पायरी ओलांडून, म्हणजे तिच्यावर पाय न देता, आत आले. गुडघा दुखला.

वाटीएवढा खळगा असलेले दगड या जिल्ह्यात हजारो असतील.


मंगळवार, २१ जानेवारी

बीपी १५२/९०. झोप नाही.

नोंद म्हणून लिहून ठेवते. पावसाळ्यात नाला चढला की अंजनाबाई मला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायची, कारण पांढरे मोजे भिजले तर सिस्टर वर्गाबाहेर उभे करायची. ती तेव्हा सतरा-अठराची असेल, नुकतीच लग्न होऊन आलेली. पाणी तिच्या छातीपर्यंत. पलीकडे उतरवून म्हणायची, "जा, साहेबीन हो." हे कोणी तिला करायला सांगितले नव्हते. त्याचा दगडाशी संबंध नाही.


शुक्रवार, २४ जानेवारी

सरिता पुन्हा आली. चप्पल काढून फाटकाशी उभी राहिली.

"बाई, एक अर्ज लिवून द्या. ग्रामपंचायतीले. सासूचा दगड भरावातून शोधून द्या मनून. ते रोज तेच इचारते. दगड भेटला त खाटेपाशी ठेवतो, हात लावाले."

दुसऱ्या कोणाकडून लिहून घे, असे म्हणता आले असते. पण या गावात दुसरे कोण लिहिणार? आणि लिहिणार तर कसे लिहिणार? मी खुर्ची आणली, कागद घेतला. 'विषय: अतिक्रमण निर्मूलन मोहिमेत उचललेला पायरीचा दगड परत मिळणेबाबत.' दगडाचे वर्णन सरिता सांगत गेली, मी लिहीत गेले. रंग काळा. एक कोपरा भंगलेला. मध्यभागी...

सरिता थांबली.

मान वर केली तर ती खाली, माझ्या पायरीकडे बघत होती. मग वाकून तिने कोपऱ्याच्या टवक्यावरून अंगठा फिरवला, जसे पोराच्या कपाळावरून फिरवावे.

"मध्यभागी काय?" मी विचारले.

"काई नाई जी," ती म्हणाली. "पायरी मस्त बसवली बाई."

"मनसारामने बसवली."

"हो. तोच मनत होता."

तिने सही केली. अर्ज घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. पायरीवर पाय न देता मागे सरकली आणि गेली.

तिला ओळख पटली असेल तर तिने तसे सांगायला हवे होते. मी काही नाही म्हणणार नव्हते. रीतसर मागणी आली असती तर विचार केला असता. मनातले ओळखून देण्याची पद्धत मला शाळेतही शिकवली नाही, दवाखान्यातही नाही.


रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. चार वर्षे भाषण माझे असते. आज ग्रामसेवकाने स्वतःच वाचले, 'प्रजासत्ताक' तीनदा चुकला. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि मागे बायका उभ्या राहिल्या. लहान खुशबू माझ्या शेजारी बसायला आली तर तिच्या आईने दंड धरून ओढले: "तिथी नोको. मॅडम अर्ज करन."

आणि तेव्हा सगळे हसले. तेच हसणे, संध्याकाळी चार ते सातचे. जवळून ऐकले तर वेगळे असते. आज ते खरोखर मलाच होते. मग आधीचे कशाला होते?

त्या ओट्यावरून ताराबाई मला एकदा म्हणाली होती, "बसा ना बाई, जागा हाय," आणि चौघी सरकल्या होत्या. मी धूळ आहे म्हणून उभीच राहिले. खरेच होती धूळ.

बीपी १५८/९४.


मंगळवार, २८ जानेवारी

ठरवले. दगड काढून द्यावा. मनसारामला निरोप पाठवला. उत्तर आले: तिकडे जिवती तालुक्यात काम आहे, पंधरा दिवस नाही. मनसाराम सकाळी चौकात खर्रा घोटताना मला खिडकीतून दिसला होता.

स्वतः सब्बल घेऊन बसले. सिमेंट पक्के झालेले. दोन घाव घातले, तिसऱ्याला मनगट मुरगळले. समोरून भूपेश, ताराबाईचा मोठा मुलगा, मोटारसायकलवरून चालला होता. थांबला.

"काय करून राह्यल्या सिस्टरबाई? अतिक्रमण काढून राह्यल्या?"

"पायरी दुरुस्त करते आहे."

खरे सांगितले असते तर त्याने तो पाच मिनिटांत काढून दिला असता. हे मला त्याच क्षणी कळले होते. तो गाडीवर एक पाय टेकून वाट बघत राहिला, सांगते का ते. मी सांगितले नाही. तो गेला.


शुक्रवार, ३१ जानेवारी

माझ्या पत्राला ग्रामपंचायतीचे उत्तर. 'आपली पायरी अतिक्रमणात असल्याने व आपण नवीन पायरी हद्दीत बांधल्याने प्रकरण निकाली.' त्याच लिफाफ्यात चुकून सरिताच्या अर्जाचे उत्तरही घातलेले: 'सदर वर्णनाचा दगड भरावात आढळून आला नाही. प्रकरण निकाली.' दोन्ही कागद एकाच पिनने टोचलेले.

सरिताचा कागद नेऊन द्यायला हवा. उद्या नेते. सोबत खरे काय ते सांगूनही टाकते.


शनिवार, १ फेब्रुवारी

गेले नाही. मनगट सुजले.


सोमवार, ३ फेब्रुवारी

अंजनाबाई गेली. पहाटे केव्हा तरी. वेळ कोणालाच माहीत नाही. मला बोलावले असते तर निदान वेळ लिहिली असती.

कळले ते ध्वनिक्षेपकावरून. मला सांगायला माणूस आले नाही. दुपारी बारा वाजता अंत्ययात्रा, असे राजदीपच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, नावाने सांगितले.

मी पांढरी साडी नेसले. मेणबत्त्या घेतल्या. पावणेबारापासून फाटकात उभी राहिले. यात्रा याच रस्त्याने जाणार, दुसरा रस्ता नाही. घरी जावे का, हे ठरत नव्हते. न बोलावता जाणे मला जमत नाही. यात्रा समोरून जाताना कोणी तरी नुसते "चला" म्हणेल, मग मी निघेन, असे ठरवले होते.

बारा वाजून नऊ मिनिटांनी आली. पुढे राजदीप. त्रिशरण म्हणणे चालू होते. माझ्या फाटकासमोर आल्यावर ते थांबले. म्हणणेही थांबले. सगळे गाव माझ्यासमोर उभे, आणि मी माझ्या पायरीवर.

ताराबाई पुढे आली. "बाई, सरका जराशा."

"कशाला?"

"माय जाऊन राह्यली ना."

मी सरकले. राजदीप आणि तिघांनी तिरडी खाली घेतली आणि डोक्याकडची बाजू माझ्या पायरीवर टेकवली. सरिता गुडघ्यांवर बसली. तिच्याजवळ छन्नी होती. म्हणजे ठरवूनच आले होते. खळग्यातल्या सिमेंटवर तिने तीन घाव घातले आणि माझा गिलावा खपलीसारखा निघाला. तो तिने पदरात घेतला, माझ्या दारात टाकला नाही. मग कमरेच्या पिशवीतून मूठभर चारोळ्या काढून खळग्यात ठेवल्या. म्हातारीचा हात पांढऱ्या कापडातून काढून दगडावर ठेवला. मिनिटभर. पुन्हा आत घेतला.

"सरिता, मी देणारच होते," मी म्हटले.

तिने वर पाहिले. डोळे कोरडे होते. "असू द्या जी. तुमाले पायरी लागते. गुडगे दुखते ना तुमचे." तिच्या आवाजात राग असता तर मला उत्तर देता आले असते.

तिरडी उचलली. म्हणणे पुन्हा सुरू झाले. माणसे गेली, मग बायका गेल्या. ताराबाई सर्वांत शेवटी होती. मी मेणबत्त्या हातात धरून तिच्याकडे पाहिले. तिने माझ्या हाताकडे पाहिले.

"फाटक लावून घ्या बाई," ती म्हणाली. "ढोरं घुसतात."


मंगळवार, ४ फेब्रुवारी

बीपी १७२/१०२. आता मीठ अजिबात बंद.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस विचार करून पत्र तयार केले. शेहेचाळीस प्रती स्वतः हाताने लिहायच्या, घरोघर द्यायच्या. मसुदा:

प्रति,
गल्ली क्रमांक एक ते चारमधील सर्व रहिवासी, नवी मोहबोडी.

विषय: पायरीच्या दगडाबाबत.

महोदय व महोदया,

सोमवार, दिनांक ३ फेब्रुवारी रोजी दुपारी बारा वाजून नऊ मिनिटांनी आपण माझ्या हद्दीत, रेषेपासून चार इंच आत, पूर्वपरवानगीशिवाय तिरडी टेकवली आणि माझ्या पायरीचा गिलावा फोडला. हे कोणाच्या अधिकारात केले, ते कळवावे. दगड माझ्याकडे असल्याचे आपणा सर्वांना केव्हापासून माहीत होते, आणि माहीत होते तर चोर म्हणून माझ्या तोंडावर कोणी का बोलले नाही, तेही कळवावे. एवढ्या दिवसांत एक शिवीसुद्धा माझ्या वाट्याला येऊ नये, हे मला मान्य नाही.

ओटा पाडण्याचा अर्ज माझा होता. तो मी मागे घेत असल्याचे ग्रामपंचायतीला आजच लिहिले आहे. ओटा पाडून झालेला असल्याने त्याचा उपयोग नाही, याची मला कल्पना आहे.

सदर दगड श्रीमती सरिता यांचा आहे. तो त्यांनी केव्हाही न्यावा. काढायला मला मनुष्यबळ मिळत नाही. तोपर्यंत मी मागच्या दाराने ये-जा करीत आहे. खळग्यातल्या चारोळ्यांना पुरावा म्हणून हात लावलेला नाही. मुंग्या लागल्या आहेत.

मुख्य मुद्दा. मृत अंजनाबाई यांनी मला पाच वर्षे नाला पार करून दिला, हे आपल्यापैकी वयस्क मंडळींना माहीत आहे. त्यांच्या मयताला मी पांढरी साडी नेसून, मेणबत्त्या घेऊन फाटकात उभी होते, हे तर सर्वांनीच पाहिले. असे असताना मला "चला" असे एकाही व्यक्तीने का म्हटले नाही? इतर मुद्द्यांचे उत्तर दिले नाही तरी चालेल. याचे द्यावे.

उत्तर लेखी हवे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, मी लिहून घेईन आणि वाचून दाखवीन, माझ्याविरुद्ध असले तरी. पोस्टाने, ग्रामसेवकामार्फत किंवा मुलांच्या हाती पाठवलेले उत्तर स्वीकारले जाणार नाही. स्वतः आणून द्यावे. मुदत रविवार, दिनांक १६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्या दिवशी दुपारी चारपासून मी फाटकाबाहेर, जिथे ओटा होता त्या जागी, जमिनीवर बसलेली असेन.

आपली,
सत्यशीला उंदिरवाडे